जपानात रंग पाहतात का? दारव्ह्याच्या एका बहिणीला उत्तर

तुझा निरोप दोनदा वाचला. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाला, जपानी भाषेची एन४ पातळीची परीक्षा पास झालीस, वृद्धसेवेच्या कामाला इकडं यायचं म्हणतेस. आणि शेवटी विचारलंस, "ताई, तिकडं तरी रंग पाहत नाहीत ना? दोन स्थळं रंगावरून परत गेली. आई म्हणते, जायच्या आधी ट्यूब लावून थोडी उजळ."

पाहतात, बाई. जपानीत जुनी म्हणच आहे, गोरेपणा सात दोष झाकतो. मला ती ऐकवली मी काम करते त्या वृद्धसेवा केंद्रातल्या नव्वदीच्या आजींनी, माझा हात हातात घेऊन, मायेनं. त्या जन्मभर भाताच्या शेतात राबल्या. त्यांनी जुना फोटो दाखवला. डोक्याला झालरीची कापडी टोपी, मान झाकलेली, हातांवर वेगळ्या बाह्या चढवलेल्या. मला माझी मायच दिसली. कापूस वेचणीला जाताना लुगड्यावर बाबांचा फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, कारण ऊन भाजतं आणि बोंडाची टोकं हात ओरबाडतात.

दोन्हीकडं गोरी म्हणजे जिला वावरात जावं लागत नाही ती. आपल्याकडं तर सून वावरात राबणारी हवी आणि दिसायला मात्र सावलीत वाढलेली हवी. "पोरगी कामाची हाय, पण सावयी हाय," हे वाक्य मी माझ्याबद्दल दारामागून ऐकलंय. त्याचा राग अजून जात नाही.

आपल्याकडं रूप मोजतात ते लग्न ठरेपर्यंत. इथं ते कामावर रोज मोजतात. पूर्वी इथल्या लग्न झालेल्या बायका दात काळे करत, तेच सौंदर्य आणि तीच लग्नाची खूण. १८७० मध्ये सरकारनं उमरावांना ते बंद करायला लावलं, १८७३ मध्ये सम्राज्ञीनंही सोडलं, आणि हळूहळू पांढरे दात सुंदर ठरले. हे कळलं तेव्हा मला फार हलकं वाटलं. जे असं उलटतं, त्यावरून स्वतःला कमी का समजायचं?

आता दातांची जागा मेकअप आणि उंच टाचेच्या बुटांनी घेतलीय. युमी इशिकावा नावाच्या बाईनं २०१९ मध्ये कामावर टाचेच्या बुटांची सक्ती नको म्हणून सरकारकडं अर्ज केला, हजारो सह्या घेऊन. मंत्री म्हणाले, कामासाठी आवश्यक आणि योग्य असेल तिथं ते समाजमान्य आहे. तरी पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सनं हवाईसेविकांची ती अट काढली.

आपल्या कामात बूट सपाटच असतात, नखं कापलेली, केस बांधलेले, अत्तर नाही. पण पहिल्या वर्षी मला एका वरिष्ठ बाईनं बाजूला घेऊन सांगितलं, चेहरा नुसता धुवून येतेस, आजारी दिसतेस. मग मी तीन दुकानं हिंडले, माझ्या रंगाचं फाउंडेशन एकातही मिळालं नाही. नागपूरहून दोन डब्या घेऊन ये. सनस्क्रीन मात्र इथंच घे, चांगलं मिळतं.

ती ट्यूब लावू नको. दुकानात रंग उजळायला म्हणून देतात, त्यातल्या कित्येकींत स्टेरॉइड असतं. आधी चेहरा खुलतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुळ्या येतात, आणि ट्यूब सोडली की आणखी भडकतं. तू नर्स आहेस. आईला शांतपणे बसवून हे तूच समजाव.

रंगापेक्षा जास्त विचार याचा कर. तू ज्यावर येशील त्या 'विशिष्ट कौशल्य' व्हिसाच्या पहिल्या टप्प्यावर साधारणपणे एकूण पाच वर्षं राहता येतं, नवरा-मुलं सोबत आणता येत नाहीत. एन४ बरोबर वृद्धसेवेच्या कामाची परीक्षा आणि त्या कामात लागणाऱ्या जपानीची वेगळी परीक्षाही लागते. इथली वृद्धसेवेची राष्ट्रीय परवाना परीक्षा, काइगो फुकुशिशीची, पास झालीस तर पुढं राहता येतं आणि नवरा-मुलंही येऊ शकतात. घरी लग्नाचा विषय निघेल तेव्हा हा हिशोब आधीच मांड, नाहीतर दोन वर्षांत "परत ये" सुरू होतं.

आणि व्हिसाचा फोटो काढशील तेव्हा स्टुडिओवाल्याला आधीच सांग, गोरा करू नको. आपल्याकडं न विचारताच करतात. तुझा चेहरा आणि फोटो जुळला पाहिजे.