मुलीचं वेगळं नाव निवडताना

अगं, वेगळं नाव जरूर ठेव, पण नेटवरच्या याद्यांतून उचलू नकोस. मायरा, कियारा एकेकाळी दुर्मीळच वाटायची. आता बालवाडीत हाक मारली की दोघी-तिघी वळून बघतात. मला नद्यांची नावं फार आवडतात. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. तुमच्या गावची नदी कोणती? पूर्णा, इंद्रायणी, कोयना, किती सुंदर आहेत बघ! ऋग्वेदातली अपाला किंवा लोपामुद्राही आहे, फक्त लोपामुद्राला घरात काय म्हणणार ते आधीच ठरव, नाहीतर आत्या 'लोपू' करून मोकळी होईल.

नाव आडनावासकट मोठ्याने म्हणून बघ. इंग्रजीत लिहूनही बघ. ज्ञानदा मला प्रिय, पण 'डी-एन-वाय' हे स्पेलिंग महाराष्ट्राबाहेर पोरीला जन्मभर समजावत बसावं लागतं.

बारशापर्यंत ठरलं नाही तरी घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायचीच, पण ती नावाशिवायही होते. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. दाखल्यावर चढवण्याआधी प्रत्येक अक्षर तपासून घे, नंतर बदलायला फार खेटे घालावे लागतात.