मुलगी सारखी कादंबऱ्याच वाचते, काय करू?

"मॅडम, अभ्यासाला बसवलं तरी हिच्या पुस्तकाच्या आत दुसरं पुस्तक असतं." समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की समोरची बाई खुर्चीत नीट बसायच्या आतच पुढचं वाक्य मला कळतं. पूर्वी तक्रार मोबाइलची असायची. आता ती जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांची आहे. मुखपृष्ठावर मुकुट, तलवार, काटेरी वेली. आत शापित राजपुत्र, परीलोकातली युद्धं आणि भरपूर प्रेम. टिकटॉक आपल्याकडे 2020 च्या जूनमध्ये बंद झालं, पण तिथली पुस्तकवेड्या मुलींची लाट इन्स्टाग्रामच्या रील्सवरून गोव्यात पेडणे, सत्तरीतल्या घरांतही पोचली. एकीने वाचलं की वर्गभर पुस्तक फिरतं.

आयांची भीती सहसा तीन पदरी असते. मार्क जातील, मुलगी कुणाच्या तरी प्रेमात पडेल आणि खऱ्या जगातून तिचं लक्ष उडेल. भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय बहुतेक घरांत चुकतो, म्हणून एका मुलीबद्दल लिहिते आहे. तिची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डिचोली तालुक्यातलं घर. मुलगी अकरावी सायन्सला. आधी आई एकटीच आली, पणजीपर्यंत बस बदलून. दहावीला चांगले मार्क होते, अकरावीच्या पहिल्या परीक्षेत घसरले. रात्री दोन-दोनपर्यंत वाचते, जेवताना बोलत नाही. नात्यातल्या एका मुलीने सांगितलं की त्या पुस्तकांत 'नको ते' असतं. तेव्हा आईने सगळी पुस्तकं कपाटात घालून कुलूप लावलं. त्यानंतर मुलगी फोनवर वाचायला लागली.

मी विचारलं, "तुम्ही त्यातलं एखादं चाळून बघितलंत?"

"मला कुठे तेवढं इंग्रजी येतं, मॅडम? ती चौथीपर्यंत मराठीत होती, तोपर्यंत मीच तिला वाचून दाखवायचे. पाचवीपासून इंग्रजी झालं आणि तिची पुस्तकं माझ्या हातातून गेली." थोडं थांबून म्हणाली, "समोर बसून वाचते, पण कुठे असते ते मला कळत नाही."

आपल्याकडे प्राथमिक शिक्षण मराठीत किंवा कोकणीत आणि पाचवीपासून इंग्रजी, ही गोव्यातल्या कितीतरी घरांची वाट. त्यामुळे मुलं काय वाचतात हे आईवडिलांना वरून दिसतं, आतून दिसत नाही. या आईचं दुखणं मार्कांच्या आधीचं होतं. मी तिला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी मुलीला घेऊन या, कपाट उघडा आणि तिला आवडेल ते एक पुस्तक तिचं तिला निवडू द्या.

मुलगी आली ती हाताची घडी घालूनच. पहिल्या भेटीत "हो", "नाही", "माहीत नाही". मीही फार विचारलं नाही. मी कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला मानणारी. माणसाला आपली वाट बहुतेक वेळा आतून ठाऊक असते, त्याला न तोलता ऐकणारं कुणीतरी लागतं, यावर माझा पक्का विश्वास आहे, आणि सोळा वर्षांच्या मुलांनी तो कधी मोडलेला नाही. उपदेश तिला घरी मिळतच होता.

दुसऱ्या भेटीत पुस्तक टेबलावर होतं. खाकी कव्हर घातलेलं, वर स्वच्छ अक्षरात 'फिजिक्स'. पानांच्या कडेने रंगीत चिकटपट्ट्यांची रांग. या मुली हल्ली पुस्तकं अशीच वाचतात. आवडलेल्या जागेवर रंगाची पट्टी लावायची आणि कुठला रंग कशासाठी ते पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवायचं. मी ते पान उघडायची परवानगी मागितली. तिने मान हलवली.

गुलाबी म्हणजे प्रेम. निळा म्हणजे रडू आलं. पिवळा म्हणजे हसले. हिरव्यापुढे तिने काहीच लिहिलं नव्हतं. आणि कडेला बघितलं तर गुलाबी थोड्या होत्या, हिरव्याच जास्त.

"हिरव्या कसल्या गं?"

बराच वेळ ती गप्प. मग पुस्तक माझ्या हातून घेतलं, एक हिरवी पट्टी धरून उघडलं. कणा तिथे इतका मोडला होता की पुस्तक आपसूक त्याच पानावर पडलं. "हे वाचा."

प्रेमाचा प्रसंग नव्हता. वेढा पडलेल्या किल्ल्यात नकाशा पसरलाय, भोवती सेनापती उभे आहेत, आणि सगळे नायिकेकडे बघतायत. तिचं वय सतरा. ती अजून काही बोललेली नाही. लेखिकेने अख्खं पान त्या थांबण्यावर खर्च केलंय. माझं वाचून होईपर्यंत मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"दुसरी हिरवी कुठे आहे?" तिने दाखवली. तिथेही तेच. नायिकेला कुणीतरी विचारतं, "तुला काय वाटतं?" तिसरीकडेही तेच. मी पुस्तक मिटलं नाही, तसंच उघडं ठेवून विचारलं, "तुला शेवटचं कुणी असं विचारलं होतं?"

"सायन्सचा फॉर्म बाबांनी भरला," ती म्हणाली. "मी ट्यूशनला गेले होते. परत आले तर भरून झाला होता."

"तुला काय घ्यायचं होतं?"

"सायन्सच." आणि मग रडायला लागली. "मला सायन्सच घ्यायचं होतं. पण मी सांगितलंच नव्हतं अजून."

या कामात मी ज्यासाठी आहे तो क्षण हा. ना आर्ट्स हवं होतं, ना कुणी मुलगा होता. तिला तेच हवं होतं जे बापाने दिलं, फक्त ते तिच्या तोंडून निघायला हवं होतं. घरात तिच्या वाट्याला न आलेली जागा ती रोज रात्री दोनपर्यंत पुस्तकात जाऊन अनुभवत होती. कपाटाला कुलूप लावलं तेव्हा तीही जागा गेली.

तेव्हापासून कुठल्याही वाचणाऱ्या मुलाला मी 'किती वाचतोस' हे विचारत नाही. 'कुठल्या पानावर परत परत जातोस' हे विचारते. लुईस रोझेनब्लाट या अमेरिकन अभ्यासिकेने 1938 मध्येच मांडलं होतं की पुस्तकाचा अर्थ कागदावर पडून नसतो, वाचणारा आपलं आयुष्य घेऊन येतो आणि दोघांत मिळून तो घडतो. माझ्या खोलीत मला तेच रोज दिसतं. तीच कादंबरी एक मुलगी राजपुत्रासाठी वाचते, दुसरी नायिकेला असलेल्या बहिणीसाठी, तिसरी त्यातल्या मेलेल्या आईसाठी. पुस्तकाचं नाव ऐकून मूल कळत नाही. पान विचारलं की कळतं.

वडिलांना बोलावणं अवघड गेलं. आले तेव्हा पहिलंच वाक्य, "मॅडम, मी तिच्या वाईटासाठी केलं का?" नाहीच केलं. त्यांचे ट्रक खाणीवर चालायचे. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या त्या 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. हप्ते डोक्यावर आणि ट्रक दारात. त्या दिवसांत या माणसाने सगळे निर्णय एकट्याने, पटापट आणि कुणाला न सांगता घेतले, घरच्यांना घोर लागू नये म्हणून. खाणपट्ट्यातल्या पुष्कळ बापांमध्ये मी हे बघितलंय. वाईट दिवस सरले तरी सवय राहते.

मुलीने त्यांना सांगितलं, "बाबा, मला सायन्सच हवं होतं."

"मग अडचण काय?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीत मात्र स्वतःहून म्हणाले, "बारावीनंतर 'नीट'ची परीक्षा द्यायची की नाही, ते तू ठरव." ती म्हणाली, "मला आत्ता माहीत नाही." ते म्हणाले, "चालेल." एवढं बोलायला त्या माणसाला किती कष्ट पडले ते मी बघत होते. मार्क हळूहळू सावरले. वाचन सुटलं नाही, आणि सुटावं अशी माझी इच्छाही नव्हती.

आता पालकांच्या उरलेल्या भीतीबद्दल. 'यंग अडल्ट' हा शिक्का ग्रंथालयवाले साधारण 12 ते 18 वयासाठी वापरतात. बारा आणि अठरा यांत केवढं अंतर आहे ते आईला सांगायला नको. शिवाय शिक्का बदलतोही. सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' 2015 मध्ये यंग अडल्ट म्हणून आली आणि 2020 मध्ये नवी मुखपृष्ठं घालून मोठ्यांसाठी म्हणून बाजारात आणली गेली. दुकानात मात्र सगळं एकाच फळीवर दिसतं. तेव्हा तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात काय आहे ते जरूर बघा, आणि 'हे दोन-तीन वर्षांनी वाच' असं कारण देऊन सांगा. कारण दिलेला नकार मुलं ऐकतात.

झोपेबाबत मी कडक आहे. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. पुस्तक कितीही चांगलं असलं तरी दोनपर्यंत जागणं चालणार नाही. वेळ मात्र तिच्याशी बोलून ठरवा, लादू नका. आणि मूल वाचतंच आहे पण मैत्रिणी तुटल्या, जेवण कमी झालं, आंघोळीचाही कंटाळा येतो, जगण्याबद्दल निराश बोलतं, तर प्रश्न पुस्तकाचा राहिलेला नाही. मग वाट बघू नका. 14416 ही टेली-मानसची मोफत हेल्पलाइन आहे, बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे.

प्रेमाच्या कथांनी मुली बिघडतात ही काळजीही नवी नाही. 1861 मध्ये आलेली 'मुक्तामाला' ही कादंबरी प्रेमाने आणि अद्भुत प्रसंगांनी भरलेली होती, आणि मराठी कादंबरी तिथूनच पुढे वाढली. मला खरी काळजी वाटते ती मालकी गाजवणाऱ्या नायकांची. मत्सर, पाळत, 'तुझ्या भल्यासाठी' कोंडून ठेवणं, हे प्रेम म्हणून खपवलं जातं. ते पुस्तक हिसकावून थांबत नाही. त्यावर बोलणारं माणूस घरात लागतं.

"पण मला इंग्रजी येत नाही," ही अडचण डिचोलीच्या आईनेही सांगितली होती. मी म्हटलं, तिला मराठीत सांगायला सांगा. रोज थोडं. मग संध्याकाळी आई विळीवर नारळ खोवायला बसली की मुलगी गोष्ट सांगू लागली. आई मधेच विचारायची, हा कुणाचा कोण? ती का पळाली? एका संध्याकाळी आईने विळी थांबवली. "बाय, तो तिला न विचारता बुरुजात डांबून ठेवतो आणि तरी तुला तो आवडतो?" मुलगी चिडून उठून गेली. तिला राग आला होता तो माझ्यापर्यंतही पोचला, "आई सगळी मजा घालवते."

पुढच्या आठवड्यात स्वतःच म्हणाली, "आईचं बरोबर आहे. त्याने विचारायला हवं होतं. पण तिसऱ्या भागात तो सुधारतो."

"आईला सांगितलंस?"

"नाही अजून. आम्ही दुसऱ्यातच आहोत."