एस, टी, ओ, पी: अक्षरं चार, शब्द सहा

प्रश्न: सर नमस्कार, माझा मुलगा पाचवीत आहे, त्याला होमवर्क होतं की स्टॉप शब्दाची अक्षरं उलटसुलट करून दुसरे शब्द बनवा. आम्ही मायलेकांनी मिळून स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स एवढे काढले, ऑप्ट्स त्याच्या आत्याने फोनवर सांगितला. आता तो मागे लागलाय की अक्षरं तीच आहेत तर अर्थ पण कुठेतरी जुळत असणार ना? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी आत्याला सलाम, ऑप्ट्स पटकन कोणाला सुचत नाही. चार अक्षरं २४ प्रकारे लावता येतात आणि त्यातून रोजच्या वापरातले सहा शब्द निघतात, एवढ्याशा वाफ्यात हे भरपूर पीक झालं. पण नातं म्हणाल तर काही नाही. एसटीत एका सीटवर तिघं बसले म्हणून ते भाऊ होत नाहीत ना, तसंच.

स्टॉपचं मूळ मात्र त्याला जरूर सांगा, त्याला मजा येईल. हा शब्द मुळात थांबण्याचा नाहीच, बोळा कोंबण्याचा आहे. लॅटिनमध्ये स्टुप्पा म्हणजे आपल्या अंबाडीच्या वाखासारखा भरड तंतू, तो भोकात कोंबून गळती बंद करायची, यावरून स्टॉप आला असं मानतात. टेफ्लॉन टेप यायच्या आधी प्लंबर पाइपच्या आट्यांना सुतळी गुंडाळून वर सफेदा फासायचे बघा, तोच प्रकार. बाटलीच्या बुचाला स्टॉपर म्हणतात ते उगाच नाही. आधी पाणी थांबलं, मग माणूस आणि मग बस. इंग्लिश तारेत तर वाक्य संपलं की टिंबाऐवजी स्टॉप हा अख्खा शब्द लिहायचे, आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली त्यामुळे तुमच्या मुलाला हे आता सांगूनच कळणार.

खरी गंमत पोस्टमध्ये आहे कारण तो एक शब्द नाहीच, एकाच स्पेलिंगमध्ये तीन भाडेकरू राहतात. पत्रांचं पोस्ट म्हणजे मुळात 'ठेवलेला', रस्त्यावर ठरावीक अंतरावर माणसं आणि ताजे घोडे ठेवलेले असायचे आणि टपाल हातोहात पुढे जायचं, आपल्या डाकचौकीसारखंच. नोकरीची पोस्ट याच घरातली, तिथेही माणूस 'ठेवलेला'च असतो (सरकारी खात्यात तर अगदी शब्दशः). दुसरा पोस्ट म्हणजे खांब, गोलपोस्टवाला. खांबावर कागद डकवायचे म्हणून पोस्टर, आणि आपण सकाळी उठून फेसबुकवर जी पोस्ट टाकतो ती पण या खांबावरचीच, टपालातली नव्हे. आणि तिसरा लॅटिनमधला, म्हणजे 'नंतर'. पोस्टमार्टम म्हणजे मरणानंतर, आणि घड्याळातल्या पीएममधला पी हाच, पोस्ट मेरिडियम, मध्यान्हीनंतर. तर ताई, अक्षरं तीच, क्रमही तोच आणि तरी नातं नाही, मग क्रम बदलल्यावर कुठून येणार?

स्पॉट म्हणजे डाग, किंवा एवढीशी जागा, पिकनिक स्पॉटवाली. ऑप्ट म्हणजे निवडणं, ऑप्शन आणि अॅडॉप्ट त्याच्याच घरातले. टॉप्स म्हणजे शेंडे, पण आपल्या बायकांच्या कानातले टॉप्सही आहेत, ते विसरून कसं चालेल. आणि पॉट उलटा वाचला की टॉप होतो हे त्याला दिसलंच असेल, पण स्वयंपाकघरात जाऊन त्याला टोप दाखवा, इंग्लिशमधला पॉट म्हणजे आपला टोपच की! याला मात्र निव्वळ योगायोग म्हणायचं, मी तरी जास्त खोलात शिरणार नाही.

एवढं करून पटलं नाही तर त्याला कमल आणि कलम लिहायला सांगा. तीच तीन अक्षरं, पण एक संस्कृत आणि दुसरा अरबी. त्यात कलमाचेही परत तीन अर्थ, लिहायची, कायद्यातलं आणि आंब्याचं.

प्रश्न: सर, याच धर्तीवर ईट, एट आणि टी. तिन्हीत ई, ए, टी हीच अक्षरं. यांचं तरी नातं आहे का? – एक कॉलेजवाला, ठाणे

उत्तर: मित्रा, दोघांचं आहे. ईट म्हणजे खाणं, एट म्हणजे खाल्लं, एकाच क्रियापदाची दोन रूपं, तिथे अक्षरं जुळतात ती घरचीच म्हणून. टी मात्र चीनमधून आलेला पाहुणा. तिकडे दक्षिण किनाऱ्यावर फुजियानकडे चहाला 'ते' म्हणायचे, डच व्यापाऱ्यांनी माल जहाजात भरला आणि शब्दही सोबत युरोपात गेला. चीनच्या बाकी बऱ्याच भागात त्यालाच 'चा' म्हणत, त्यातून आपला चहा. चिनी लिपीत दोन्हींचं चिन्ह एकच आहे. म्हणजे ईट आणि टीची तिन्ही अक्षरं सारखी असून ओळखपाळख नाही, आणि टी आणि चहा यांच्यात एक अक्षर सारखं नाही तरी ते सख्खे भाऊ.