शब्दखेळातली संदिग्धता: कुठे हवी, कुठे नको

तुमचा प्रश्न असा की कोडनेम्ससारख्या, क्लूवरून शब्द ओळखायच्या खेळात एका क्लूचे चार अर्थ निघतात आणि प्रत्येक डाव वादात संपतो, तर मग अनेक अर्थांचे शब्द आधीच बाजूला काढावेत का? माझं ठाम मत: मुळीच काढू नका. प्रत्येक शब्दाला एकच अर्थ उरला तर क्लू म्हणजे नुसता समानार्थी शब्द होईल आणि तर्क लढवायला जागाच राहणार नाही.

कोडनेम्सचंच बघा. दोन संघ, प्रत्येकाचा कॅप्टन एक शब्द आणि एक आकडा असा क्लू देतो, आणि त्यावरून आपल्या संघाचे तेवढे शब्द बाकीच्यांनी ओळखायचे. टेबलावर 25 शब्द. सुरुवात करणाऱ्या संघाचे 9, दुसऱ्याचे 8, कुणाचेच नसलेले 7 आणि एक मारेकरी, ज्याला हात लावला की डाव गेला. समजा तुमच्या संघाचे ‘पान’ आणि ‘अंक’ उरलेत आणि मारेकरी आहे ‘हप्ता’. कॅप्टन म्हणतो, ‘मासिक, 2’. त्याच्या डोक्यात छापील मासिक आहे, त्यामुळे त्याला क्लू चोख वाटतो. पण बाकीच्यांना कुठला शब्द कुणाचा ते माहीत नसतं. ‘मासिक’ ऐकलं की त्यांचं बोट आधी ‘हप्ता’वरच जाणार. ‘नियतकालिक, 2’ म्हटलं असतं तर आपले दोन्ही शब्द शाबूत राहिले असते आणि ‘हप्ता’ आपोआप बाद झाला असता. म्हणून क्लू सुचला की आधी मारेकऱ्याशी जुळवून बघावा, मग समोरच्या संघाच्या शब्दांशी. आपल्या शब्दांशी तो जुळतोच, त्यासाठीच तर सुचलेला असतो!

चांगल्या खेळांमध्ये संदिग्धतेची किंमत नियमांतच ठरवलेली असते, आणि मला हे फार आवडतं. जस्ट वनमध्ये एकाला शब्द ओळखता यावा म्हणून बाकीचे सगळे एकमेकांना न दाखवता एकेक क्लू लिहितात; त्यात दोघांनी एकच क्लू लिहिला तर दोन्ही पुसले जातात, म्हणजे अगदी सरळ क्लू देणंच धोक्याचं. डिक्रिप्टोत आपल्या संघाला आकड्यांचा गुप्त कोड क्लूंमधून कळवायचा असतो आणि समोरचेही ते क्लू ऐकत असतात, तिथे तर दोन्ही बाजूंनी कात्री: क्लू फार अवघड झाला आणि आपलाच संघ दोनदा चुकला तर हरलात, फार सोपा झाला आणि समोरच्यांनी दोनदा कोड पकडला तरीही हरलात. नेमकं किती झाकायचं याचा अंदाज घेण्यातच सगळी मजा आहे.

स्पायफॉलसारख्या, लपलेला गुप्तहेर शोधायच्या खेळांत गुळमुळीत उत्तरांमुळे मजा जाते, ही तुमची तक्रार मात्र मला पटते. तिथे गुप्तहेर सोडून सगळ्यांना एक ठरलेली जागा माहीत असते आणि एकमेकांना प्रश्न विचारून त्याला ओळखायचं असतं. ‘कधी कधी’, ‘माणसावर अवलंबून आहे’ असली उत्तरं कुठल्याही जागेला लागू होतात आणि मग पकडायचं तरी कशावरून? यावर उपाय खेळणाऱ्यांच्याच हातात आहे. गुळमुळीत उत्तर देणाऱ्यावर सरळ संशय घ्या, त्याच्याविरुद्ध मत द्या. एक-दोन डावांत लोक नीट उत्तरं द्यायला लागतात.

नियमांत मात्र संदिग्धता अजिबात खपवून घेऊ नये, कारण खरी भांडणं तिथेच होतात. ‘पान’ टेबलावर उघडं असताना ‘पानगळ’ चालेल का? कोडनेम्सच्या नियमांप्रमाणे नाही. दिसणाऱ्या शब्दाचं कुठलंही रूप किंवा त्याचा समास तो शब्द झाकला जाईपर्यंत देता येत नाही. मराठीत खेळताना सामान्यरूपंही यातच धरा: ‘घोडा’ असेल तर ‘घोड्यावर’ बाद. अक्षरांवरून किंवा शब्दाच्या जागेवरून इशारा देणंही बाद, क्लू अर्थाचाच हवा. शंका असेल तर समोरच्या कॅप्टनला हळूच विचारायचं, तो हो म्हणाला की विषय संपला. पहिला क्लू देण्याआधी दोन मिनिटं काढून हे सगळ्यांना सांगून टाका.

आणि डाव चालू असताना कॅप्टनने भुवईसुद्धा हलवू नये. ‘अरे, मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे वाक्य तर डाव संपेपर्यंत बंदच. संपल्यावर मात्र त्याला खुशाल विचारा, काय डोक्यात होतं म्हणून. त्याचा पुढचा क्लू कसा वाचायचा ते त्यातूनच कळत जातं.