लघुचित्र रंगवताना पाणी सांभाळ

बाळ,

सप्रेम आशीर्वाद. तुझी तुळशीवृंदावनाची दोन्ही चित्रं नीट पाहिली. रेखाटन चांगलं आहे, प्रमाणही साधलंय. पण सावल्या गढूळ झाल्यात आणि चिऱ्यांच्या भिंतीवर जागोजाग गडद कडा उमटल्यात. ब्रश जाड पडतो म्हणून तीन शून्यांचा आणायचा बेत आहे, असं पत्रात वाचलं. आणू नकोस.

एवढ्या बारीक ब्रशच्या पोटात रंग राहतच नाही. पॅलेटवरून कागदापर्यंत हात येईतो टोक सुकतं, मग आपण ते दाबतो आणि दाबलं की रेघ जाड होते. सेबल या प्राण्याच्या केसांचा एक किंवा दोन नंबरचा गोल ब्रश घे. दुकानातच पाण्यात बुडवून एक झटका द्यायचा. केस आपसूक एका टोकाला जुळले तरच पैसे मोजायचे.

गडद कडांचं कारण ब्रशमधलं पाणी. थेंब कागदावर बसतो, कडेने आधी सुकतो आणि आतला रंग कडेकडे ओढला जातो. म्हणून रंग उचलल्यावर ब्रशचं पोट प्रत्येक वेळी टिश्यूला टेकव, टोक नको. मग बाजूच्या कागदावर एक रेघ ओढून बघ. शेवटी गडद ठिपका राहिला तर पाणी जास्त, रेघ मधेच तुटली तर कमी. चित्रावर हात नेण्याआधी हे दर वेळी करायचं. कंटाळा आला तरी करायचं.

पहिले दोन-तीन हलके हात सपाट दे, अंतिम छटेच्या निम्म्याहूनही फिके. पुढचं काम रेघांचं: दोन-तीन मिलिमीटरच्या, जेमतेम दिसतील इतक्या फिक्या रेघा शेजारी शेजारी. थर पूर्ण वाळला की त्यावर किंचित तिरक्या दुसऱ्या. राजस्थानी आणि पहाडी चित्रकार याला परदाज म्हणतात. सावली अशा आठ-दहा थरांनी गडद होत जाते. एकाच थरात गडद करायला गेलं की खालचा रंग सुटतो आणि चिखल होतो. तुझ्या वृंदावनाच्या कोनाड्यात नेमकं तेच झालंय. थर वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. हाताची पालथी बाजू कागदाजवळ ने. गारवा लागला तर अजून ओल आहे.

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा गारवा जाता जात नाही. त्या दिवसांत दोन चित्रं एकदम हाती घे, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम होतं. हेअर ड्रायर चालेल, पण मंद आणि हातभर अंतरावरून. जवळ धरलास तर ओला रंग सरकतो. मध घातलेले रंग पावसात घट्टच होत नाहीत, चिकट राहतात. साधे गोंदाचे घे, आणि वड्या पूर्ण वाळल्याशिवाय डबी मिटू नकोस, नाहीतर आठवड्यात बुरशी येते.

कागदालाही पावसाळा बाधतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के सुती, गुळगुळीत पृष्ठभागाचा कागद घेतेवेळी उत्तम असतो. पण उघडा राहिला की त्यातली खळ, म्हणजे रंग वरच धरून ठेवणारा लेप, मरते. मग रंग टिपकागदासारखा आत शिरतो आणि काळपट ठिपके दिसतात. हे सहजी दुरुस्त होत नाही. तो कागद सरावाला ठेव. नवा कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचा. रेखाटन मात्र थेट त्यावर करू नकोस. खोडरबरानेही खळ उडते. ट्रेसिंग पेपरवर पक्कं कर, मग उतरव.

रंगांचं थोडं सांगतो. अल्ट्रामरीनचे कण जाड असतात. मोठ्या चित्रात ती रवाळ पोत छान दिसते, पण सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या आकाशात ती वाळू पसरल्यासारखी वाटते. आकाशाला थॅलो निळा वापर, अगदी फिका. तो कागदाला घट्ट धरतो, वरच्या थरांनी सुटत नाही, म्हणून खालच्या थराला चांगला. अल्ट्रामरीन चिऱ्यांसाठी राख: बर्न्ट सिएन्नात किंचित मिसळला की जांभ्याची भोकं आणि खरखरीतपणा आपोआप येतो. अलिझरीन क्रिमझन उजेडात उडतो. त्याऐवजी क्विनॅक्रिडोनचा लाल घे. पांढऱ्यासाठी कागद सोडायचा. पणतीच्या ज्योतीएवढा ठिपका शेवटी टायटॅनियम पांढऱ्याने दिला तर हरकत नाही.

भिंग दोनपटीचं पुरे. पण दर वीस मिनिटांनी ते काढ आणि चित्र फूटभर अंतरावरून नुसत्या डोळ्यांनी बघ. बघणारा तेवढ्याच अंतरावरून बघणार आहे. भिंगाखाली खटकणाऱ्या निम्म्या रेघा तिथून दिसतही नाहीत, आणि त्या सुधारण्याच्या नादात चित्र मरतं.

गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन संस्थेत चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची (१९०२–१९६७) जलरंगातली चित्रं आहेत. बघायला मिळाली तर जरूर जा. ते गोव्यातल्याच सांतइस्तेव गावचे, शांतिनिकेतनात शिकलेले. लघुचित्रकार म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही, पण रंगाचे पातळ हात एकावर एक देऊन चेहऱ्यात उजेड कसा टिकवायचा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

वासलीबद्दल, म्हणजे लघुचित्रांच्या जाड थरांच्या कागदाबद्दल, विचारलं होतंस. दोन-चार कागद खळीने एकमेकांवर चिकटवून ती करतात आणि खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाची भांडी वापरू नकोस. वाळली की अकीकाच्या दगडाने घोटायची. पण हे पावसाळ्यात करू नकोस. थर मधे ओले राहतात आणि कागद वाकतो. दिवाळीनंतर कर.

आणि फ्रेम करताना चित्र काचेला टेकता कामा नये, मधे माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, जाडी हवी. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे भिंतीची ओल थेट लागणार नाही. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर तर टांगूच नकोस. पुढच्या वेळी चित्रासोबत रेघा तपासलेला तो बाजूचा कागदही पाठव.

आशीर्वाद.