मार्गारेटा कोझुख: हॉलमधून वाळूवर जाताना नेमकं काय बदलतं

महिलांच्या व्हॉलीबॉलमध्ये हॉल असो वा बीच, नेट २.२४ मीटरच, चेंडूचं वजनही तेच, मग कोझुखसारख्या हॉलमधल्या जर्मन स्टारला बीचवर नव्याने शिकावं का लागलं, असा प्रश्न आहे. अडचण स्मॅशमध्ये नव्हतीच, ती पासिंगमध्ये, म्हणजे समोरून आलेली सर्व्हिस उचलून जोडीदाराकडे देण्यात होती.

कोझुखचा जन्म १९८६ चा, हॅम्बुर्गचा. जर्मनीकडून तीनशेहून जास्त सामने ती खेळली, तेही अपोझिट म्हणून (आपल्याकडे ज्याला 'युनिव्हर्सल' म्हणतात). या जागेवरच्या खेळाडूला सर्व्हिस घेण्यातून बहुधा सूट असते, तिने फक्त मारायचं. २०११ आणि २०१३ च्या युरोपियन स्पर्धांत जर्मनीला रौप्य मिळालं, दोन्हीकडे प्रशिक्षक जोव्हानी ग्विदेत्ती. २०१६ मध्ये कासालमाजोरे या इटालियन क्लबकडून तिने युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकली. गंमत म्हणजे अंतिम फेरीत समोरच्या वाकिफबँक या तुर्की क्लबचा प्रशिक्षक ग्विदेत्तीच होता! पण २००४ नंतर जर्मन महिला संघ इनडोअर ऑलिंपिकला पोहोचलाच नाही, त्यामुळे ते दार बंदच राहिलं.

मग तिशीत ती वाळूवर उतरली, आधी कार्ला बोर्गरबरोबर. आणि इथे लपायला जागा नसते. कोर्टाची एक बाजू ९ बाय ९ ऐवजी ८ बाय ८ मीटर, पण सांभाळायला सहाऐवजी दोघीच, बदली खेळाडू नाही. जिचं पासिंग कच्चं, तिच्यावरच प्रतिस्पर्धी सर्व्हिस टाकत राहतात. ती पास देते, जोडीदार चेंडू मारण्यासाठी उंच उचलून देते (सेट करते) आणि मारायचंही तिनेच. म्हणजे तीच सेटभर धावते, दमते.

बाकीचे बदल बारीक, पण छळणारे. वाळूत पाय रुततो, त्यामुळे हॉलमधल्या लांब रनअपचा फायदा मिळत नाही, उडी कमी पडते आणि टायमिंग चुकतं. चेंडूतली हवा बरीच कमी (०.१७५ ते ०.२२५ किलो प्रति चौ. सेंमी, हॉलमध्ये ०.३० ते ०.३२५), त्यात वारा, म्हणून तो मध्येच दिशा बदलतो. हॉलमध्ये बोटांच्या टोकांनी हळूच टाकलेला ड्रॉप इथे फाउल, बोटं दुमडून सांध्यांनी मारावा लागतो. ब्लॉकला (नेटवर हात उंचावून केलेल्या अडवणुकीला) लागलेला चेंडू हॉलमध्ये स्पर्शात धरत नाहीत, इथे तो पहिला स्पर्श, मग तीनपैकी उरतात दोनच. सवयीने चौथा स्पर्श करून बसणं, ही हॉलमधून आलेल्यांची ठरलेली चूक.

पुढे तिची जोडी लाउरा लुडविगशी जमली. लुडविग २०१६ च्या रिओतली सुवर्णविजेती, कीरा वाल्केनहोर्स्टसोबत. या जोडीत कोझुख नेटवर ब्लॉकला असे, लुडविग मागे डिफेन्सला. उंचीचा पूर्ण उपयोग आणि मैदान वाचायला अनुभवी डोळे, ही वाटणी मला तरी अचूक वाटते. २०१९ मध्ये रोमला दोघींनी वर्ल्ड टूर फायनल्स जिंकली. टोकियोत (२०२१ मध्ये झालेलं ऑलिंपिक) बाद फेरीत ब्राझीलच्या आगाता-दुदा जोडीला तिसऱ्या सेटमध्ये १६-१४ असं हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत मात्र एप्रिल रॉस आणि ॲलिक्स क्लाइनमनकडून दोन सेटमध्ये हार झाली. रॉस-क्लाइनमननेच पुढे सुवर्ण नेलं.

तुलना करायची तर लुइसा लिपमनकडे पाहा. तीही हॉलची अपोझिट, तीही बीचवर आली आणि लुडविगचीच जोडीदार झाली. २०२४ ला पॅरिसला दोघी गटातच बाद झाल्या.