बरोक: बेडौल मोत्याचं नाव

विचारणा अशी होती: बाख, विवाल्दी या सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपीय संगीतकारांच्या ‘बरोक म्युझिक’ला मराठीत ‘अलंकृत संगीत’ म्हटलं तर चालेल का? आणि लिहायचं कसं, बरोक, बरॉक की बारोक?

‘अलंकृत’ नको, असं माझं मत. गाणं शिकलेल्या माणसाला आपल्याकडे ‘अलंकार’ म्हटलं की सारेग, रेगम, गमप हे पलटे आठवतात, तो घोटाळा आधीच आहे. शिवाय बरोक संगीतात नक्षीकाम भरपूर असलं तरी ते उभं असतं खर्जावर. चेलोसारखं (मोठ्या व्हायोलिनसारखं, खालच्या सुरांचं) वाद्य खालची ओळ धरून चालतं आणि हार्प्सिकॉर्डवाला (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य वाजवणारा) त्या ओळीला जोडलेले 6, 7 असे आकडे वाचत वरची स्वरसंगती जागच्या जागी रचत जातो. याला ‘बासो कंतिनुओ’ म्हणतात, म्हणजे अखंड चालणारा खर्ज. इटालियन संगीतकार मोंतेव्हेर्दीच्या 1607 च्या ‘ओर्फेओ’ या ऑपेरापासून (म्हणजे संगीतनाटकापासून) 1750 साली बाख गेला तोवर काय काय बदललं! कॉन्चेर्तो (एकट्या वाद्याची वाद्यवृंदाशी जुगलबंदी) आला, ओरातोरिओ (अभिनयाविना गायलेली धार्मिक कथा) आला, फ्यूग (एकच धून एकामागून एक अनेक आवाजांत गुंफणारी रचना) कळसाला पोचली. पण हा खर्ज सुटला नाही.

नक्षीचं म्हणाल, तर तीही निव्वळ हौस नव्हे. पियानोत हातोडी तारेवर आपटते. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पिसाच्या दांडीची बारीक नखी तार छेडते. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज जवळपास तेवढाच, आणि तोही लवकर विरतो. मग लांब स्वर जागता ठेवायचा कसा? त्यावर कंप द्यायचा, कणस्वर लावायचा. सतार वाजवणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आता शब्दाकडे. पोर्तुगीज ‘बार्रोको’ म्हणजे गोल नसलेला, वेडावाकडा मोती. व्युत्पत्तीबद्दल वाद आहेत (अठराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ रूसोने तो तर्कशास्त्रातल्या ‘बारोको’ या संज्ञेशी जोडला होता), पण बहुतेकांचा कौल मोत्याकडे. आणि इथे आपल्या शेजारचा धागा सापडतो. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यात हे ‘बार्रोको’ मोती येतात: बेडौल, गोल नसलेले आणि ‘पाणी मेलेले’. मोत्याचं पाणी! आपण मोती पाणीदार म्हणतो, तेच पाणी.

फ्रेंच अकादमीच्या 1694 च्या कोशात ‘बारॉक’ हा शब्द फक्त मोत्यांपुरता आहे. संगीतात तो आला शिवी होऊन. फ्रेंच संगीतकार रामोचा पहिला ऑपेरा 1733 मध्ये पॅरिसला झाला, आणि पुढच्याच वर्षी एका निनावी टीकाकाराने त्यावर हा शब्द फेकला. रूसोच्या 1768 च्या संगीतकोशातही बरोक म्हणजे गोंधळलेल्या स्वरसंगतीचं, विसंवादांनी लादलेलं संगीत. कालखंडाचं सरळ नाव म्हणून संगीतात तो रुजला विसाव्या शतकात. जर्मन संगीत-अभ्यासक कुर्ट झाक्सने 1919 मध्ये तसा वापरला. म्हणजे बाख, हेंडेल आणि दोमेनिको स्कार्लात्ती, तिघेही 1685 मध्ये जन्मलेले, आणि तिघांनाही आपण ‘बरोक’ आहोत याचा पत्ता नव्हता! त्यातला स्कार्लात्ती तर लिस्बनला पोर्तुगीज राजकन्येचा संगीतशिक्षक होता. तिथे त्याला कुणी बार्रोको म्हटलं असतं, तर त्याने नक्की मोत्यांचा व्यापारी शोधला असता.

तर शब्द आहे तसाच घ्यावा. इतकी कथा ‘अलंकृत’मध्ये मावत नाही. उच्चार फ्रेंचमध्ये ‘बारॉक’कडे झुकतो, इंग्रजीत बरॉक आणि बरोक दोन्ही चालतात, मी ‘बरोक’ लिहितो, कारण मराठी जिभेला ते सोपं जातं आणि पोर्तुगीज ‘रो’ही त्यात टिकतो. विशेषण म्हणून रूप बदलू नये: बरोक संगीत, बरोक शैली, बरोक चर्च (जुन्या गोव्याचं बॉम जेझस त्यातलंच). काळ सांगायचा असेल तर ‘बरोककालीन’ ठीक. ‘बरोकी’ मात्र मला खपत नाही, ते एखाद्या आडनावासारखं वाटतं.